अवघड गणितं द्याच पोरांना, खरं ट्रिक नका देऊ

मागच्या महिन्यात बेळगाव जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या शाळेत पालकसभा झाली. विषय एकच, नवोदय आणि सैनिक स्कूल या निवासी शाळांच्या सहावीच्या प्रवेश परीक्षेसाठी पाचवीच्या पोरांचे शाळा सुटल्यावर जादा तास घ्यायचे का नाही. दीड तास नुसता गोंधळ. एक बाजू म्हणायली, दहा वर्षाच्या पोरासमोर असली फिरवून विचारलेली गणितं टाकून तुम्ही त्याचं बालपण खायलाय, बंद करा हे सगळं. दुसरी बाजू म्हणायली, चिकोडी-निपाणीला क्लासमध्ये एकेक गणित दहा सेकंदात सोडवायची ट्रिक देतात आणि आपली पोरं मागं पडायलीत, तसला एखादा मास्तर आपल्याकडं पण आणा. मी तिथं गप्प बसलो आणि घरी येऊन रात्रभर तळमळलो, कारण मला कळत होतं की भांडणारे दोघंही आतून एकच मानतात, की अवघड गणित म्हणजे परीक्षेपुरतं गिळायचं कडू औषध आहे. एकाला ते पाजायचं नाहीये, दुसऱ्याला नाक दाबून पटकन पाजायचंय. मला हे मुळातच चुकीचं वाटतं. डोकं लावायला लावणारं गणित हे पोरांच्या हक्काचं आहे, परीक्षेला बसणाऱ्या आणि न बसणाऱ्या सगळ्याच पोरांच्या, आणि ते सावकाश, घरच्या भाषेत आणि शाळेच्या वेळेतच शिकवलं पाहिजे. पोरांचं नुकसान कोण करत असेल तर ती पाठ करून घेतलेली ट्रिक करते.

आधी पेपर काय असतो ते तरी बघू, कारण सभेत भांडणाऱ्यांपैकी कितीजणांनी तो उघडून बघितला होता मला शंका आहे. नवोदयला ८० प्रश्न, १०० मार्क आणि दोन तास. त्यातले अंकगणिताचे २० प्रश्न २५ मार्कांना, त्यांना अर्धा तास धरलेला, म्हणजे एका गणिताला दीड मिनिट. सैनिक स्कूलला सहावीसाठी १२५ प्रश्न, ३०० मार्क, आणि त्यातले १५० मार्क एकट्या गणिताचे. उत्तर चुकलं तर मार्क कापत नाहीत, दोन्हीकडं मराठीतून आणि कन्नडमधून पेपर देता येतो. नवोदयच्या ७५ टक्के जागा खेड्यातल्या पोरांसाठी, राहणं-जेवण-शिक्षण सरकारचं, आणि ही परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते. आमच्या जिल्ह्याचं नवोदय चिकोडी तालुक्यात कोथळीला आहे, सैनिक स्कूल विजापूरला, मिलिटरी स्कूल खुद्द बेळगावात, मुलींची सैनिक शाळा कित्तूरला. ऊसतोड करणाऱ्या नाहीतर विड्या वळणाऱ्या घराला हे दार केवढं मोठं वाटतं हे ज्याचं पोट भरलंय त्याला कळणं अवघड आहे, म्हणून क्लाससाठी पैसे मोडणाऱ्या आईबापांना मी एका शब्दानं पण नावं ठेवणार नाही.

आता ट्रिक म्हणजे नक्की काय ते सांगतो. मी शाळामास्तर नाही, एका पतसंस्थेत हिशेब लिहितो, खरं संध्याकाळी गल्लीतली पाच-सहा पोरं आमच्या ओसरीवर पाटी घेऊन येतात, त्यात माझी भाची पण असते. तिला क्लासमध्ये विहिरीतल्या बेडकाचं गणित दिलेलं. विहीर २० फूट, बेडूक दिवसा ५ फूट चढतो आणि रात्री ४ फूट घसरतो, तर कितव्या दिवशी बाहेर येईल? तिनं डोळे मिटून सांगितलं, सोळाव्या. बरोबर. कसं काढलंस म्हटलं तर म्हणाली, मामा, खोलीतनं चढ वजा करायचा, फरकानं भागायचं, एक मिळवायचा. का मिळवायचा? ते सरांनी सांगितलेलं नाही. मग मी नुसते आकडे बदलले, विहीर २१ फूट, चढतो ५, घसरतो २. तिनं २१ मधनं ५ घालवले, १६ ला ३ नं भागलं, ५ आले आणि बाकी १, एक मिळवला, उत्तर ६. आणि ती बाकी? "ती सोडून द्यायची असते." मी म्हटलं, ट्रिक जरा बाजूला ठेव, तूच बेडूक हो आणि रोज रात्री कुठं असशील ते पाटीवर लिही. तिनं लिहिलं ३, ६, ९, १२, १५. सहाव्या दिवशी १५ वरनं ५ चढली, २० ला आली, आणि तिथं तिची पेन्सिल थांबली. काठ २१ वर. "मामा, एका फुटासाठी परत घसरला की तो!" रात्री १८ ला आला आणि सातव्या दिवशी बाहेर पडला. तेव्हा तिला पहिल्या गणितातला तो एक का मिळवतात ते पण आपोआप कळलं, कारण शेवटच्या दिवशी बेडूक वर पोचला की घसरायचा प्रश्नच उरत नाही. सगळं मिळून दहा मिनिटं लागली. पाठ केलेल्या ट्रिकला आठ महिने फी भरली होती आणि नुसते आकडे बदलल्यावर ती उपयोगाला आली नाही.

ट्रिकवाल्यांचा मुद्दा मी हलका समजत नाही. ते म्हणतात, दीड मिनिटात पोरगं बेडकाबरोबर विहीर चढत बसलं तर पेपर कधी संपवायचा? आणि दरवर्षी ट्रिकच्या जोरावर गरिबाची चार पोरं आत गेलेली मी स्वतः बघितलीत. खरं आमच्या भागात तालमीत वाढलेल्या माणसाला एक गोष्ट सांगावी लागत नाही. आखाड्यात डाव पडतो तो डोळ्याचं पातं लवेपर्यंत, पण त्याच्यामागं वर्षभराच्या जोर-बैठका असतात, आणि वस्ताद कधी नुसता डाव शिकवत नाही, त्याची काट पण शिकवतो, कुठल्या पवित्र्यावर तो चालतो आणि कुठल्या पवित्र्यावर आपल्याच अंगाशी येतो ते सांगतो. पोराला सूत्र द्या की, कोण नको म्हणतंय, पण ते त्यानं दहावेळा विहीर चढून स्वतः शोधल्यावर. रांगेत डावीकडनं बारावा आणि उजवीकडनं अठरावा तर एकूण किती, हे गणित ज्या पोरानं एकदा चिंचोके मांडून केलंय त्याला २९ यायला पाच सेकंद लागतात आणि तो एक का वजा होतो ते जन्मभर विसरत नाही. ज्यानं "बेरीज करून एक वजा" एवढंच पाठ केलंय तो चौकोनी शेताच्या कुंपणाच्या खांबाला पण तेच लावतो. शेताची बाजू २० मीटर, दर ४ मीटरला एक खांब, चारी कोपऱ्यांवर पण खांब, तर एकूण किती? एका बाजूवर ६ दिसतात म्हणून सहा चोक २४, त्यातनं एक वजा, २३. खरं उत्तर २०, कारण चार कोपरे दोनदा मोजले गेले. सराव सावकाश झाला की परीक्षेत वेग येतो, उलट्या बाजूनं जाऊन मी तरी कुणाला पोचलेलं बघितलं नाही.

बालपणवाल्यांचं म्हणणं तर मला जास्त लागतं. दहा वर्षाचं लेकरू, एकच संधी, निकालाच्या दिवशी यादीत नाव नाही, आणि घरात दोन दिवस कुणी धड बोलत नाही. हे मी शेजारच्या घरात बघितलंय. ते पोरगं नंतर सहा महिने गणिताचं पुस्तक उघडत नव्हतं, कुणी पाढा विचारला तरी उठून आत जायचं. असं होत असेल तर सभेत हात वर करून बंद करा म्हणणाऱ्या आईचं काय चुकलं? काहीच नाही. पण त्या पोराला कशानं मोडलं याचा नीट विचार करा. गणितानं मोडलं का घरातल्या अबोल्यानं? अवघड गणितापासनं पोरांना वाचवा असं म्हणताना आपण त्यांची एक फार मोठी मजा काढून घेतो, आणि हे मी डोळ्यांनी बघितलंय म्हणून सांगतो. मे महिन्याच्या सुट्टीत मी चार पोरांना आमच्या हौदाजवळ बसवलं आणि डेअरीला दूध घालायचे दोन कॅन दिले, एक ५ लिटरचा, एक ३ लिटरचा, खुणा कशावरच नाहीत. म्हटलं, बरोबर ४ लिटर पाणी मोजून द्या. पहिली पाच मिनिटं नुसता दंगा. एकजण म्हणाला, पाचातलं जरासं सांडूया की. दुसरी म्हणाली, जरासं म्हणजे किती ते कसं कळणार? त्यावर जे भांडण लागलं ते ऐकून मला वाटलं हाच खरा गणिताचा तास. मग कुणीतरी ५ चा भरून ३ च्यात ओतला आणि ओरडलं, दोन उरलं! ते दोन रिकाम्या ३ च्यात ठेवलं, ५ चा परत भरला, ३ च्यात आता एकाचीच जागा राहिली, तेवढं ओतलं, आणि ५ च्या कॅनात राहिलं बरोबर ४. कपडे सगळ्यांचे भिजलेले, अर्धा तास गेलेला, आणि त्यातलं सगळ्यात गप्प पोरगं, ज्याला शाळेत गणितात कच्चा म्हणतात, ते म्हणालं, एक लिटर पण होतंय का बघूया. झालं. मग संध्याकाळपर्यंत त्यांनी एकपासनं आठपर्यंत प्रत्येक लिटर मोजून दाखवला. मी दोन चहा पिऊन आलो तरी ती उठायला तयार नव्हती. हे बालपण हिरावणं आहे का?

पैशाचा मुद्दा पण त्या सभेत निघाला आणि तो शंभर टक्के खरा आहे. फिरवून विचारलेली गणितं ज्याला क्लास परवडतो त्यालाच सवयीची होतात, बाकीच्यांना ती पहिल्यांदा परीक्षेच्या हॉलमध्येच भेटतात. पण यावरचा उपाय गणितं सोपी करणं किंवा सराव बंद पाडणं हा कसा काय? तालुक्याच्या गावचे क्लास तर चालूच राहणार, बंद होणार ती फक्त गावच्या शाळेतली सोय, म्हणजे ज्याच्याकडं काहीच नाही त्याच्या हातातलं पण गेलं. शाळेतच, सगळ्या वर्गाला, आठवड्याला एक तास असलं एखादं गणित मिळालं तर त्यातली दोन पोरं नवोदयला जातील आणि उरलेल्या तीसांचं काही नुकसान होणार नाही, उलट त्यांना पण डोकं चालवायची सवय लागेल. जादा तास नकोतच मुळी, पाचला शाळा सुटल्यावर पोरानं खेळावं, गुरांना वैरण टाकावी.

आणि या सगळ्यात आमच्या सीमाभागाची एक वेगळी अडचण आहे, तिच्याबद्दल सभेत एक अक्षर कुणी काढलं नाही. आमची पोरं गणितात चुकत नाहीत, बऱ्याचदा वाक्यात चुकतात. एकाच घरात थोरला मराठी शाळेत, मधली कन्नड शाळेत, धाकटा इंग्रजी माध्यमात, हे आमच्याकडं नवीन नाही. थोरला लसावि म्हणतो, मधली लसाअ म्हणते, धाकटा एलसीएम म्हणतो, आणि तिघांना वाटतं आपण वेगवेगळं शिकतोय. मराठीत सत्तेचाळीस म्हणताना सात आधी येतो, कन्नडमध्ये नलवत्तेळू म्हणताना चाळीस आधी येतो, आणि दोन्ही कानांनी ऐकणारं पोरगं घाईत ७४ लिहून बसतं. २०१९ ला बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात वीस एक, वीस दोन असं वाचायची पद्धत आली तेव्हा महाराष्ट्रात केवढं रान उठलं होतं, भाषा बुडाली म्हणून लोक ओरडत होते. इकडं कन्नड आकडे रोज ऐकणाऱ्या आम्हाला त्यात भाषा बुडण्यासारखं काही दिसलं नाही, आमची पोरं दोन्ही पद्धतींनी मोजत मोठी झालीत. पण तो वाद पण असाच झाला, पोराला संख्या कळते का या प्रश्नाकडं कुणी वळलंच नाही, सगळे आपापल्या अस्मितेसाठी भांडले. माझं म्हणणं एवढंच की गणित आधी पोराच्या घरच्या बोलीत सांगा, मराठीत तर मराठीत, कन्नडमध्ये तर कन्नडमध्ये, दोन्ही मिसळून बोलत असेल तर तसं. त्याला ते परत आपल्या शब्दात सांगता आलं की निम्मं सुटलं. आणि जिथं शब्द एकच आहेत ते पण दाखवा की, अपूर्णांकाला इकडं पण अंश आणि छेदच म्हणतात, तिकडं पण अंश आणि छेदच.

ते शब्द फार जुने आहेत. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लिहिलेल्या लीलावती या गणिताच्या ग्रंथात भुंग्यांचं गणित आहे. थव्याचा पाचवा भाग कदंबावर बसला, तिसरा भाग दुसऱ्या एका फुलावर, या दोन्हींतल्या फरकाच्या तिप्पट कुड्यावर, आणि एक भुंगा मधेच घिरट्या घालत राहिला, तर एकूण भुंगे किती? हे आजच्या नवोदयच्या पेपरात टाकलं तरी शोभेल. भास्कराचार्य मूळचे विजापूरचे का खानदेशातले यावर दोन्हीकडचे लोक हिरिरीनं बोलतात, चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखाचे दाखले देतात, आणि बोलू देत, इतिहास आहे तो. पण मी आजपर्यंत असं भांडण करणाऱ्या एकाही माणसाला पोराला शेजारी बसवून ते भुंगे मोजताना बघितलं नाही. त्यांच्या तीनशे वर्षं आधी महावीराचार्य नावाचे गणिती इकडंच राष्ट्रकूटांच्या राज्यात, अमोघवर्षाच्या काळात, आंब्यांच्या राशी आणि फळांच्या वाटण्यांची असलीच कोडी घालत होते. अवघड गणित ही स्पर्धा परीक्षांनी आणलेली ब्याद आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी हे बघावं. गणित असं गोष्टीतनं, कोड्यातनं सांगायची आपली रीत हजार-बाराशे वर्षांची आहे, आणि तेव्हा उत्तराचे गोल रंगवायची ओएमआर शीट नव्हती. अगदी अलीकडचं बघायचं तर देवळालीचे कापरेकर गुरुजी साधे शाळेत शिकवणारे, त्यांनी १९४९ मध्ये ६१७४ ची गंमत जगापुढं मांडली. चार अंक घ्या, सगळे सारखे नकोत, उतरत्या क्रमानं लावा, त्यातनं चढता वजा करा, आलेल्यावर परत तेच करा, जास्तीत जास्त सात वेळात ६१७४ येतेच. ३५२४ घेतलात तर ३०८७, मग ८३५२, आणि तिसऱ्याला ६१७४. वजाबाकी येत नाही म्हणून ज्या पोराला तुम्ही पन्नास उदाहरणं लिहायला लावता त्याला हे देऊन बघा, तो शंभर वजाबाक्या करेल.

पाठांतराच्या मी विरोधात आहे असं कुणी समजू नका. माझ्या आज्ज्याला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकीपर्यंत सगळं तोंडपाठ होतं आणि तो अडत्याच्या आधी तोंडी हिशेब सांगायचा. पाढे पाठ हवेतच, इकडं मग्गी म्हणतात ती पण हवी. पण पाढा हा पायाखालचा दगड आहे, त्यावर उभं राहून पुढचं बघायचं असतं.

शेवटी मला माझ्या खुर्चीवरनं जे दिसतं ते सांगतो, कारण माझा सगळा आग्रह तिथनं आलाय. पोरांच्या पुस्तकात सरळव्याजात द.सा.द.शे. असं लिहिलेलं असतं. पाचवीच्या कितीजणांना माहीत आहे की ते दरसाल दर शेकडा आहे? आणि त्यांच्या आईला? आमच्याकडं बाया येतात, म्हणतात, तुमचं १४ टक्के लई झालं, गल्लीत शेकडा दोननं मिळतंय की. ते दोन टक्के दर महिन्याचे असतात, वर्षाचे २४ झाले. हे फिरवून विचारलेलंच गणित आहे, फक्त चार पर्याय दिलेले नसतात. दुसरं बघा, १२ हजाराचं कर्ज, वर्षभरात दरमहा हजार मुद्दल फेडायचं, व्याज १२ टक्के फ्लॅट, म्हणजे मुद्दल फेडत गेलं तरी व्याज पूर्ण १२ हजारावरच, वर्षाला १४४० रुपये. ऐकायला आमच्यापेक्षा स्वस्त. पण पहिल्या महिन्यात तुमच्याकडं १२ हजार वापरायला आहेत, शेवटच्या महिन्यात एकच हजार, सरासरी काढली तर साडेसहा हजार, आणि त्यावर १४४० म्हणजे २२ टक्के. मायक्रोफायनान्सच्या वसुलीनं माणसं गाव सोडून जायला लागली आणि २०२५ मध्ये कर्नाटक सरकारला वटहुकूम काढावा लागला, त्यात आमच्या जिल्ह्यातली घरं होती. सही करताना त्या बाईला कुणी थांबून हे गणित सोडवू दिलं होतं का? ती शाळेत असताना तिच्यापुढं असलं एखादं गणित सावकाश, तिच्या भाषेत ठेवलं गेलं होतं का? मला ती बाई डोळ्यापुढं असते, म्हणून दहा सेकंदाची ट्रिक विकत घेण्यात मला पोराचं कल्याण दिसत नाही, आणि अवघड नको म्हणून ते गणितच वगळण्यात तर अजिबात दिसत नाही.

येत्या शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर परत सभा आहे. हेडमास्तरांना विचारून ठेवलंय, मी दोन कॅन घेऊन जाणार, पाचाचा आणि तीनाचा, शाळेच्या नळाजवळ ठेवणार, आणि दोन्ही बाजूच्या पालकांना म्हणणार, आधी ४ लिटर मोजून दाखवा, पोरांना विचारायचं नाही, मग आत जाऊन बसूया आणि आठवड्याचा कुठला तास द्यायचा ते ठरवूया.